एकाच सुईचं रक्त

माझी मुलगी सहा वर्षांची असताना संध्याकाळ झाली की तिचे पाय दुखायचे. दिवसभर उड्या मारताना दुखायचे नाहीत, पाढ्यांची वेळ आली की दुखायचे. त्यामुळे त्या दुखण्यावर माझा फारसा विश्वास नव्हता. बायकोचा होता. आमच्या डॉक्टरांनी दोघांचंही समाधान होईल असा मार्ग काढला आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

आमच्या घराचं रक्त आजवर कसबा पेठेतले एक वृद्ध गृहस्थ तपासत. एक खोली, एक स्टूल आणि कमीत कमी बोलणं. पण आता सदाशिव पेठेत, आमच्या घरापासून चार पावलांवर, नवी लॅब निघाली होती. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या माणसांचे फोटो. त्या हसण्याचं कारण मला कळलं नाही, पण कसब्यापर्यंतची चाल वाचत होती.

रक्त घेणारी तरुणी चांगली होती. सुई पाहून लेकीने जो सूर लावला त्यापुढे मीच आधी शरण गेलो आणि जाहीर केलं, की सुई एकदाच टोचायची, दुसऱ्यांदा मी टोचू देणार नाही. तरुणीने जांभळ्या झाकणाची नळी भरली, मग लाल झाकणाची लावली, आणि शीर आटली. लाल नळीत जेमतेम नखभर रक्त. जांभळ्या नळीत मात्र मुबलक. ती दुसऱ्या हाताकडे वळली.

“त्यातलंच यात घाला की,” मी म्हणालो.

“सर, तसं चालत नाही.”

“का? रक्त एकाच मुलीचं आहे ना?”

माझा आवाज जरा चढलाच असावा. तिने जांभळ्यातलं लालमध्ये ओतलं. मी तिला शाबासकीही दिली. काहीही वाया न घालवणारं माणूस भेटलं की मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तो लग्नपत्रिकेसारखा. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, खाली तीन डॉक्टरांच्या सह्या. मजकूर असा, की पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. आमच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या लेकीकडे पाहिलं. ती फरशीवर लंगडी घालत होती.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्या पोटॅशियमने हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. तिच्याकडे बघून पटत नव्हतं, पण तीन सह्यांचा कागद खोटा म्हणायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी आम्हाला मुलांच्या इस्पितळात पाठवलं.

तिथे ईसीजी निघाला, तो अगदी व्यवस्थित. मला वाटलं, सुटलो. पण तिथल्या तरुण डॉक्टरांनी समजावलं, की आत्ता व्यवस्थित आहे, थोड्या वेळाने नसेल, तेव्हा पोटॅशियम उतरवणारी औषधं शिरेतून लगेच सुरू करायची आणि रक्त त्यानंतर पुन्हा तपासायचं. माझ्यापुढे सहीसाठी कागद आला. औषधाने काय काय होऊ शकतं, तेही त्यावर छापलं होतं. साखर एकदम उतरणं हे त्यातलं पहिलं. बायको लेकीचा हात धरून खाटेवर बसली होती. लेक बिस्किट खात होती.

मी पाच मिनिटं मागून घेतली आणि काउंटरवरच्या फोनवरून कसब्यातल्या गृहस्थांना रिपोर्ट वाचून दाखवला. प्रत्येक आकड्याला ते नुसतं “हं” म्हणत होते. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाच्या आकड्यापाशी थांबले आणि तो परत वाचायला लावला.

“वाढत्या हाडांच्या पोराचा हा आकडा मोठ्या माणसापेक्षा किती तरी जास्त असतो. हिचा माझ्याहून कमी? अहो, लाल नळीत जांभळीतलं ओतलं का कोणी?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“जांभळीत रक्त गोठू नये म्हणून क्षार असतो. तो कॅल्शियम धरून ठेवतो, हा फॉस्फेटेजचा आकडाही पाडतो, आणि स्वतः पोटॅशियमचा असतो. दोन थेंब पुरतात. हा रिपोर्ट मुलीचा नाही, नळीचा आहे. पुन्हा घ्यायला सांगा, लाल आधी. आणि लहान मुलांसाठी छोट्या नळ्या मिळतात, त्या वापरा म्हणावं.”

फोन ठेवला. एवढा वेळ मी मनातल्या मनात त्या लॅबला लिहायचं तक्रारीचं पत्र रचत होतो. आता त्यातला एकेक परिच्छेद गळून पडला. सांगितलं नाही तर औषध सुरू होणार, आणि सांगायचं तर बायकोच्या देखत.

मी सांगितलं. ती तरुणी ‘चालत नाही’ म्हणाली होती, हेसुद्धा सांगितलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. “हे मघाशी का नाही बोललात आपण?”

“महत्त्वाचं वाटलं नाही.”

“लॅबवाल्यांना सल्ला देणं तेवढं महत्त्वाचं वाटलं,” बायको म्हणाली.

सुई पुन्हा आली. “बाबा, तू म्हणाला होतास एकदाच,” असं लेक मला बजावत होती आणि मी तिचा दंड धरून उभा होतो. यावेळी लाल आधी. मला कोणी काही विचारलं नाही, हे योग्यच झालं. इस्पितळाच्या लॅबने पाऊण तासात उत्तर दिलं. पोटॅशियम कुठल्याही सहा वर्षांच्या पोरीचं असावं तसं, कॅल्शियमही तसंच. डॉक्टरांनी सहीचा कागद उभा फाडला आणि पायांना तेल लावा म्हणाले.

आम्ही निघालो तर काउंटरवरच्या बाईंनी अडवलं. पेशंट बाहेर न्यायचा तर डिस्चार्ज कार्ड हवं. मी म्हटलं, हिला ॲडमिटच केलेलं नाही. मग डिस्चार्ज मिळणार नाही, त्या म्हणाल्या, त्यासाठी ॲडमिशन नंबर लागतो. मी विचारलं, नंबर मिळवायला काय करावं लागेल. त्यांनी शांतपणे सांगितलं, “ॲडमिट.”

एरवी मी तिथे तासभर वाद घातला असता. त्या दिवशी मात्र वाद घालायचा माझा अधिकार संपला होता. बायकोने लेकीला कडेवर उचललं आणि त्या बाईंच्या समोरून ती सरळ रस्त्यावर गेली. मी मागून दाराशी काढलेल्या दोघींच्या चपला घेऊन गेलो.