व्हर्नाबाईनं मोडलेलं मनगट

आर्कान्सातल्या आमच्या कोंबडी कारखान्यात व्हर्ना मॅगर्ड बावीस वर्षं टाकी सांभाळत होती. मांस गार ठेवायला द्रवरूप कार्बन डायऑक्साइड लागतो. टँकर आला की जाड नळीनं तो टाकीत भरून घ्यायचा, हे तिचं काम. बाई ठेंगणी, तोंडानं फटकळ. नवऱ्याला जपलं नसेल एवढी नळीला जपायची.

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला त्या सकाळी अर्धा कारखाना बंदुका घेऊन रानात गेलेला. टँकरवाल्यालाही तिकडेच पळायचं होतं. नळीत पुरता दाब चढायच्या आधीच त्यानं द्रव सोडला. दाब कमी पडला की तो नळीतच गोठतो. तसंच झालं, बर्फाचं बूच बसलं आणि भरणं थांबलं. माणसं नव्हती, म्हणून मुकादम डॉईल स्वतः हातोडा घेऊन आला आणि नळी बडवू लागला.

"डॉईल, लांब हो. आत बूच आहे."

"दाबाचा काटा शून्यावर आहे, व्हर्नाबाई. दिसत नसेल तर चष्मा लावा."

"काटा बुचाच्या अलीकडचं सांगतो. पलीकडं काय कोंडलंय, ते त्याला काय ठाऊक? राहू दे, आपोआप विरेल."

"तोवर माझ्या कोंबड्या नासतील."

"नासू देत. तशाही मेलेल्याच आहेत."

मी दारात उभी होते, मला हसू आलं. डॉईलला नाही. हातोडा टाकून तो नळीचा जोड फिरवायला लागला. व्हर्नानं अजून दोनदा सांगितलं. मग हातातला लोखंडी पाना त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं मला दारात ऐकू आलं. त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या झिंज्या धरल्या, पोटात गुडघा मारला. ती त्याच्या दंडाला चावली आणि दोघं लोळत बाजूला पडली. तेवढ्यात सैल झालेला जोड उडाला. बूच गोळीसारखं सुटलं आणि पत्र्याची भिंत फोडून गेलं. क्षणापूर्वी त्याच्या वाटेत डॉईलची छाती होती. सुटलेल्या नळीचा फटका व्हर्नाच्या जबड्यावर बसला. चार दात फरशीवर.

टँकरवाल्यानं झडप बंद केली खरी, पण पांढरं धुकं जमिनीवर पसरलंच. हा वायू जड, तळाशी साचतो आणि माणसाला गुदमरवतो. डॉईल खाली पडून धापा टाकत होता. मी पुढं झाले, तर व्हर्नानं हात दाखवून मला थोपवलं. दम रोखून, कॉलर धरून, तिनं त्याला एकटीनं फरफटत बाहेर काढलं.

चौकशीला साहेब आले. डॉईल म्हणाला, "मनगट नळीनं मोडलं." बिचारा तिची नोकरी वाचवत होता. व्हर्नाचा जबडा तारांनी बांधलेला; तिनं साहेबांनी जबाब लिहिलेला कागद ओढला, 'नळीनं' खोडलं आणि लिहिलं: "मी मोडलं. हा भरलेली नळी सोडवत होता."

"व्हर्नाबाई, घरी बसाल," डॉईल कळवळला.

तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली: "दोष नळीवर ढकललास, तर उद्या दुसरा कुणी हातोडा उचलेल."

महिनाभर बिनपगारी घरी बसवलं तिला. पण तो कागद तसाच्या तसा टाकीजवळ लावला.