नऊ जूनचा चेक

एकतीस मे, शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम एक लाख चाळीस हजार. हजर होतो मी, माझी बायको, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, त्यांची बायको आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलेली त्यांची आई. म्हातारीची डावी बाजू लुळी पडलेली होती. गेटबाहेर सामानानं भरलेला टेम्पो उभा होता.

एक लाख चाळीस हजार हा त्यांचा अ‍ॅडव्हान्स. तीन वर्षांपूर्वी ते येलहंक्यातल्या माझ्या घरात आले तेव्हा भाडं चौदा हजार होतं, आणि बंगळुरात दहा महिन्यांचं भाडं आधी ठेवून घ्यायची पद्धत आहे. घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापतात, बाकीचं परत देतात. भाडेकरू किल्ली देतो, मालक पैसे देतो, आणि तेच पैसे त्याच दिवशी पुढच्या मालकाच्या हातात पडतात. साधी माणसं इथं अशीच घर बदलतात. त्यांच्याकडे दोन अ‍ॅडव्हान्स कधीच नसतात.

घर सोडायला मीच लावलं होतं. तीन रविवार मी आसपासच्या गल्ल्या हिंडलो, ‘टु-लेट’च्या पाट्यांवरचे नंबर फिरवले, बारा घरांची भाडी वहीत उतरवून सरासरी काढली. माझ्या दोन खोल्यांना बावीस हजार यायला हवेत असं निघालं. ते पंधरा हजार चारशे पस्तीस देत होते. वर्कशॉपमध्ये लेथवर त्यांना एकतीस हजार मिळतात हे मला ठाऊक होतं. तो आकडा मी वहीत लिहिला नाही.

“अण्णा, अठरापर्यंत कसं तरी ओढतो,” ते म्हणाले होते. मूळचे निपाणीचे, बोलणं मऊ.

“बाजारभाव बावीस आहे.”

“मग बाजारालाच ठेवा की वर,” त्यांची बायको म्हणाली. “तीन वर्षं जिना कुणी पुसला, बाजारानं?”

मी दोन महिन्यांची नोटीस दिली. त्यांनी दोड्डबळ्ळापूर रस्त्याला तळमजल्यावरचं घर शोधलं, आईला जिना नको म्हणून. भाडं पंधरा, अ‍ॅडव्हान्स दीड लाख. दहा हजार टोकन दिलं. उरलेले एक लाख चाळीस त्या शनिवारी चारच्या आत द्यायचे, तरच किल्ली. कमी पडतील तेवढ्यांची वर्कशॉपमधून उचल घेतली होती. हे सगळं त्यांनी मला आधी सांगितलं होतं.

त्या शनिवारी सकाळी मी किल्ली घेतली आणि वर जाऊन घर तपासलं. भिंतींना खिळ्यांची चौदा भोकं. प्रत्येकी पन्नास, सातशे. विजेचं बिल आठशे बारा. रंगाचे पंधरा हजार चारशे पस्तीस.

“रंग लावताना भोकं बुजत नाहीत काय हो?” त्यांच्या बायकोनं विचारलं.

“रंग वेगळा, पुट्टी वेगळी.”

एक लाख तेवीस हजार त्रेपन्न. मी चेक दिला. त्यांनी तो वाचला, परत वाचला.

“अण्णा, तारीख नऊ जूनची पडलीय.”

“बरोबर आहे. करारात पंधरा दिवसांची मुदत आहे. तुमची सही आहे.”

त्यांचा अ‍ॅडव्हान्स मी एफडीत ठेवला होता. ती नऊ जूनला पुरी होत होती. नऊ दिवस आधी मोडली असती तर एक हजार सहाशे सात रुपये व्याज बुडालं असतं. नव्या भाडेकरूंचे दोन लाख वीस हजार पंधरवड्यापूर्वीच आले होते, तेही मी दुसऱ्या एफडीत टाकले होते. तीही मोडता आली असती.

“चारला पैसे नाही दिले तर तो घर दुसऱ्याला देतोय, अण्णा.”

“त्याच्याशी बोला. मालक समजून घेतात.”

“तुम्ही घेताय की.”

एवढं एकच टोचून बोलले ते. मग नऊ दिवस वरच राहू द्या म्हणाले. मी म्हणालो, उद्या रंगारी येणार. माझी बायको हळूच म्हणाली, “अहो, निदान आजींना आपल्या हॉलमध्ये झोपू द्या.” मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, “नऊ दिवस राहिलेलं माणूस दहाव्या दिवशी हलत नाही.”

म्हातारीला यातलं काही कळलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, “आलं काय नवीन घर?”

टेम्पो साडेअकराला गेला. नव्या मालकानं पाचपर्यंत वाट पाहिली आणि घर दुसऱ्याला दिलं. टोकन परत दिलं नाही. सामान बोम्मसंद्र्यात एका ओळखीच्याच्या शेडमध्ये पडलं. तिघं स्टेशनजवळच्या लॉजवर राहिली, दिवसाला नऊशे. चौथ्या दिवशी म्हातारीनं गादी खराब केली म्हणून लॉजवाल्यानं बाहेर काढलं. सून तिला घेऊन निपाणीला गेली. ते स्वतः वर्कशॉपमध्ये मशीनशेजारी झोपू लागले. हे सगळं मला त्यांनी फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही. चेक वटेल ना, एवढंच विचारायला फोन केला होता.

“वटेल,” मी म्हणालो. “माझा चेक कधी परत गेलेला नाही.”

दहा जूनला त्यांचा पुन्हा फोन आला. पैसे जमा झाले होते. मी विचारलं, आता कुठं घर बघताय?

“बघत नाही. आई तिकडं, बायको तिकडं. मी एकटा इथं कशाला भाडं भरू? वर्कशॉपात झोपतोय, शेठ काही बोलत नाही. सामान गावी धाडलं आज.”

एक लाख तेवीस हजार त्रेपन्न रुपये माझ्या खात्यातून त्यांच्या खात्यात गेले. त्यातले पंधरा हजार वर्कशॉपच्या उचलीपोटी शेठला गेले, आणि चोवीस हजार टेम्पोवाल्याला, बोम्मसंद्रा ते निपाणी.