दुसरी वेलांटी

माझं काम नक्की काय, असं वडिलांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "ऑफिसात लोकांची जी माहिती असते, त्यातली कोणती ठेवायची, किती वर्षं ठेवायची आणि कोणी बघायची, हे मी ठरवते." वडील एसटीच्या डेपोत हेल्पर होते. थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे कपाटाची किल्ली तुझ्याकडे." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का, लेक किल्लीवाली झाली!"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माणगावच्या बाजूच्या शाळेतून शिकून मी पनवेलच्या या सल्लागार फर्ममध्ये टायपिस्ट म्हणून लागले. जमिनीचे, वारसाचे, कंपन्यांचे कागद बघणारी दोन पिढ्यांची फर्म. मोठ्या साहेबांनी मला संध्याकाळच्या कोर्सला पाठवलं, इंग्रजी बोलताना मी अडखळले तरी मीटिंगमध्ये शेजारी बसवलं. आज माझ्या दारावर 'डेटा गव्हर्नन्स मॅनेजर' अशी पाटी आहे ती त्यांच्यामुळे. हे आधी लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही.

माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला तेव्हा आमच्याकडे एकच अशील चार ठिकाणी होता: लोखंडी कपाटात, जुन्या रजिस्टरात आणि दोन कॉम्प्युटरांवर. सगळ्यांची मिळून एक यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी नियम लिहिला: पूर्ण नाव तेच, गाव तेच, तर माणूस एकच. दोन नोंदी एक करताना एकीत मृत्यूची तारीख असेल, तर तीच धरायची. मयत अशिलाचे कागद ठेवायची मुदत संपली की वारसांना पत्र पाठवायचं. पत्र परत आलं तर कागद फाडायचे, स्कॅन पुसायचे, बॅकअपमधूनही पुसायचे. साहेबांनी तो नियम सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि म्हणाले, "असं स्वच्छ लिहिता आलं पाहिजे."

पुसण्याआधी प्रत्येक कागद मी स्वतः उघडून बघत असे. तेवढी काळजी मी घेतली होती. त्यांतला एक स्कॅन आठवतो. रेघांच्या वहीतलं एक पान, निळी शाई, बाईचं तिरकं अक्षर. मुलांच्या जन्माच्या नोंदी होत्या. नाव, वार, तिथी, आणि पुढे मला न कळणाऱ्या लिपीत काहीतरी. एका ओळीभोवती पेनाने चौकट काढली होती. मी रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक, कामाशी संबंध नाही', आणि मंजुरी दिली. एक मिनिटही लागलं नसेल.

वर्षभराने एक गृहस्थ आले. सत्तरीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, हातात छत्री. बँकेतून निवृत्त झालेले, विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये एकटे राहणारे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले,

"बाई, मी वारलोय का?"

मला काही कळेना.

"नाही, आमच्या नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, तुमच्या फर्मचं शुभेच्छापत्र दरवर्षी येतं. यंदा आलं नाही. म्हटलं, तुमच्याकडे काही बातमी असेल तर विचारून यावं."

मी हसले. त्यांचं नाव टाकलं. पडद्यावर त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'मयत'.

ते बेने इस्राएल, आमच्याकडच्या मोजक्या यहुदी अशिलांपैकी एक. त्यांचे आजोबा मोठ्या साहेबांच्या वडिलांचे अशील. "आमच्या घरात दोनच नावं," ते म्हणाले, "आलटून पालटून. आजोबांचं मला, पणजोबांचं वडिलांना. त्यामुळे आजोबांचं आणि माझं नाव वडिलांच्या नावासकट एकच. पोस्टमन लहानपणापासून घोळ घालतोय. तिसरं नाव शोधायला आमच्यात वेळ कुणाला होता!"

मी त्या माणसाला त्यांच्या आजोबांत मिसळून टाकलं होतं. वारसांना पाठवलेलं पत्र बंदर रोडकडच्या, केव्हाच पाडलेल्या जुन्या घराच्या पत्त्यावर गेलं आणि परत आलं.

हे मला सुचायला हवं होतं. माझ्या भावाचंही नाव आजोबांचंच. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आईने त्याला आजवर नावाने हाक मारलेली नाही, 'बाळ्या'च म्हणते. त्या घरातून आलेली मी, आणि नियम लिहिला की नाव तेच तर माणूस एकच.

"असू दे," ते म्हणाले. "आता जिवंत करा म्हणजे झालं. आणि माझं पाकीट तेवढं द्या. घरात वाळवी होती म्हणून साहेबांकडे ठेवलेलं. त्यात आईच्या हातचं एक पान आहे."

ते पान कशाला हवं होतं, हेही त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण लग्न करून तिकडे, इस्राएलला गेली ती तिकडचीच झाली. आता नव्वदीला टेकली होती. या दोघांच्या मध्ये एक बहीण झाली होती, ती काही आठवड्यांतच गेली. घरात तिचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, 'ते बाळ' एवढंच म्हणत. आता थोरलीला आई-वडिलांबरोबर त्या बाळाच्याही नावाने दिवा लावून प्रार्थना करायची होती. तिला आणि यांना, दोघांनाही नाव आठवत नव्हतं. ते फक्त त्या पानावर, आईने चौकट काढलेल्या ओळीत होतं. पुढच्या महिन्यात ते तिला भेटायला निघाले होते.

मी त्यांना बसवून आत गेले. ज्याच्या हातून कागद मशीनमध्ये गेले तो आमचा जुना शिपाई टेबल पुसत होता. रोडपालीचा. त्याला विचारलं.

"निळ्या शाईचा? व्हता की," तो म्हणाला. "बाई, आदी आमी काय बी फाडत नव्हतो. झेरॉक्स काडून ठेवायचो. तुमीच वरडलात, एक बी कापी ऱ्हाता नये. आता कुटं हाय ते? नाय."

बॅकअपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याच पॉलिसीप्रमाणे गेलं. आमच्या सगळ्या क्लायंट्समध्ये तुमचंच काम सगळ्यात क्लीन आहे." कुठल्याही गबाळ्या ऑफिसात ते पान कुठेतरी सापडलं असतं.

बाहेर येऊन मी जसं होतं तसं सांगितलं. ते छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "म्हणजे ते पान शेवटचं तुम्ही वाचलंत."

"वाचलं नाही. बघितलं."

"मग आठवा."

दोन आठवडे मी आठवत राहिले. सुकापूरहून रिक्षाने येताना, डबा खाताना, दुसऱ्यांच्या फायली उघडताना. चौकट दिसायची, शाई दिसायची, आतलं नाव दिसायचं नाही. चुकांच्या नोंदवहीत मी माझ्या नावावर नोंद केली. साहेब म्हणाले, "नियम दुरुस्त कर, जीव जाळू नकोस." नियम त्याच दिवशी दुरुस्त झाला. आता जन्मतारीख जुळल्याशिवाय दोन माणसं एक होत नाहीत.

मग ते गृहस्थ पुन्हा आले. मोबाइल माझ्या टेबलावर टेकवून ठेवला. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक म्हातारी, डोळ्यांवर जाड चष्मा. मराठी आपल्या अलिबागकडची, खणखणीत.

"हीच का ती मुलगी? अगं, इकडे बघ. रडतेस कशाला? मी मेल्यावर रड. मला सांग, नाव लांब होतं की छोटं?"

"छोटं, आजी."

"अक्षरं किती?"

"दोन. दोनच असावीत."

"शेवटी काय होतं? काना की वेलांटी?"

मी डोळे मिटले. चौकटीच्या वरच्या रेघेला काहीतरी लागलं होतं. गोल, उंच. "वेलांटी," मी म्हटलं. "दुसरी."

तिचे ओठ हलत होते. मग तिने एक नाव घेतलं. हळू, जणू शेजारच्या खोलीत कुणी निजलं आहे. पुन्हा घेतलं. "असं होतं का गं?"

माझ्या कामात प्रत्येक माहितीपुढे एक रकाना असतो: ही कुठून आली. तो रिकामा सोडायचा नाही आणि अंदाजाने भरायचा नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. माझ्या डोळ्यांपुढे चौकट होती, वेलांटी होती, बाकी कोरं होतं. वेलांटी तरी खरीच होती का, की तिने विचारली म्हणून दिसली, तेही मला सांगता येत नव्हतं. ते गृहस्थ माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "हो."

भावाने ते नाव एकदा उच्चारून पाहिलं. जिभेला नवीन असावं तसं. मग रुमाल काढला.

ते जाऊन आले. परत आल्यावर खजुराचा डबा घेऊन ऑफिसात आले आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. बहिणीच्या घरातली भिंत, तीवर पितळेची पट्टी, खाली दिवा. आईचं नाव, वडिलांचं नाव, आणि तिसरं. तिन्ही मराठीत. तिने मुद्दाम देवनागरीत कोरून घेतलं होतं.

"तिकडचा कारागीर," ते म्हणाले, "त्याला आपली अक्षरं काय कळणार? मूळ पान तुम्ही पाहिलंय. एकदा नीट बघा, बरोबर लिहिलंय ना?"

मी फोटो बोटांनी मोठा केला. वेलांटी दुसरी होती, उंच आणि गोल.

"बरोबर आहे," मी म्हटलं.