कापसावरची कवायत

“ओ मास्तर! पाय आत घ्या! आधी पाय आत घ्या!”

घरमालकीणबाई गल्लीतून ओरडत होत्या. मी खोलीत उताणा पडून आकडे मोजत होतो, आणि माझे दोन्ही पाय खिडकीबाहेर गल्लीवर तरंगत होते.

“काहून ओरडून राहिल्या, मावशी? चाळीस होऊ द्या ना!”

“चाळीस? अवो, समोरची बाई पदर तोंडाले लावून उभी हाय! घरात मुर्दा हाय म्हणते, अन् खांदा द्याले माणसं नाई म्हणते!”

दोष माझा नव्हता, खोलीचा होता. अकोल्यातली ती खोली एवढीशी, की कूस बदलायची तर आधी दार उघडावं लागे. मी तिच्याहून दीड वीत लांब. जमिनीलगत बिनगजाची खिडकी होती म्हणून निभलं. पाठ जमिनीला टेकवायची, पाय वीतभर उचलायचे आणि चाळीस आकडे धरायचे, हा त्या वेळचा माझा व्यायाम.

हौस म्हणून नव्हे. मी एका शाळेत कवायतीचा मास्तर होतो, पण कच्चा. संक्रांतीनंतर अमरावतीला परीक्षा होती. पास झालो तर नोकरी पक्की, नापास झालो तर गावी थोरल्या भावाच्या शेतात डवऱ्याच्या बैलांमागं चालणं. सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी हेडमास्तरांच्या पोरांना सायकल शिकवणं. आखाड्यात कधी जाणार? मधल्या पाव तासात जेवण आणि व्यायाम दोन्ही उरकायचं.

तेवढ्यात बार्शीटाकळीकडच्या वावरातून बाईंच्या कापसाने भरलेल्या बैलबंड्या आल्या.

“भाव चढेपर्यंत राहू द्या तुमच्या खोलीत. चार दिवस.”

तेव्हा घरोघरी असाच कापूस भरत. चार दिवसांत तो गुडघ्याला लागला, आठ दिवसांत कमरेला. मग खिडकी बुडाली. महिन्याभरात मी शिडी लावून खोलीत चढू लागलो. खाली कापूस, आणि नाकावर हातभर अंतरावर छताच्या लाकडी बल्ल्या.

कापसावर उताणं झालं की पाठ बुडे, पाय उचलले की डोकं. एकदा तर इतका खोल गेलो, की कापूस वेचताना बायकांनी केलेल्या आणि त्यातच अडकलेल्या चुगल्या मला स्पष्ट ऐकू आल्या. मग हळूहळू उमगलं. पोट पाठीला चिकटवून, श्वास सावकाश सोडत पाय उचलले तर माणूस बुडत नाही.

“कापूस दाबून नका टाकू, मास्तर!” बाई खालून ओरडत.

“वजनच टाकून नाई राहिलो, मावशी!”

खोटं नव्हतं. शेवटी शेवटी कापसावर मांजर बसलं तर खळगा पडे, मी झोपलो तर पडत नसे.

अमरावतीच्या मैदानावर वीस उमेदवार होते, एकेकाची मांडी विहिरीच्या दगडी थारोळ्याएवढी. सगळ्यांना उताणं पाडून पाय उचलायला लावले. दहाव्या आकड्याला कण्हणं सुरू झालं, तिसाव्याला एकोणीस जणांचे पाय जमिनीवर. मी चाळीस ओलांडले, ऐंशी ओलांडले. परीक्षकांनी चहा मागवला, प्यायला, कप परत पाठवला.

“पुरे. उभे राहा.”

उभा राहिलो, आणि घात झाला. मान खाली, पाठ वाकलेली. महिनाभर बल्ल्या चुकवायची सवय!

“मान वर करा,” परीक्षक म्हणाले.

“सर, वर बल्ल्या...”

त्यांनी वर निरभ्र आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेन उघडलं. कुबडा कवायत मास्तर कोण ठेवणार? मला तर डवराच दिसू लागला. मी पोट आत ओढलं, श्वास सोडला आणि एकेक मणका वर चढवत मान सरळ केली. तोवर बहुधा दुसरा चहा आला असावा. त्यांनी कागदावर ‘पास’ लिहिलं.

अकोल्याच्या मोटार स्टँडपासून मी ओरडतच घरी आलो. “मावशी! पास झालो! नोकरी पक्की झाली!”

बाई अंगणात झाडत होत्या.

“बरं झालं. आता मोठी खोली पाहा. तुरीचे पोते यायचे हायेत.”