सेकंदाला दहा हजार फेरे: पाच टोपणं घेऊन कोपरगाव ते पुणे

या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. साखर कारखान्याच्या पंपांचे बुश, घराचं फाटक, ट्रॉलीचे आस, आईची घडीची काठी, आणि आता पेन्सिलीपेक्षा बारीक नळीची पाच प्लास्टिकची टोपणं. आयटीआयची पायरी मी चढलेलो नाही. लेथ बघून बघून शिकलो.

टोपणं मागितली भाचीनं. मीनल पुण्यात संशोधन करते. तिची परदेशी टोपणं संपली होती, नवी यायला महिने लागणार होते आणि तोवर तिचा नमुना खराब होणार होता. "कुरिअर करा, मामा," म्हणाली. मी स्वतः निघालो.

सकाळची एसटी असेल तर उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन तोंडावर येतं. तिकीट साडेतीनशेच्या आसपास. राहुरीपर्यंत रस्ता असा, की डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो. शेजारच्या आजोबांना राहवेना.

"सोनं हाय का काय?"

"टोपणं आहेत. नळीची."

"आरं तिच्या! आमी अंडी बी अशी न्हेत न्हाई."

नगरच्या स्टँडवर वडापाव खा. मिसळीच्या नादी लागाल तर गाडी सुटेल.

प्रयोगशाळेच्या दारातच मीनलनं माझ्या खिशातला व्हर्नियर, माप घ्यायचं लोखंडी हत्यार, काढून घेतला. "आत चुंबक आहे, ओढून घेईल." चुंबक म्हणजे गच्चीवरच्या टाकीएवढं पांढरं पिंप. जंतूचं कातडं म्हणजे तेलाचा दुपदरी पापुद्रा, तिनं सांगितलं. बेडकाच्या कातडीत प्रथिनाचे छोटे तुकडे असतात, ते पाणी आणि तेलाच्या सीमेवर बसून जंतू मारतात. पण कसे? आडवे पडून, की उभे घुसून? ते पाहायला नमुना नळीत भरून, टोपण लावून चुंबकात तिरका फिरवायचा. कोन चोपन्न पूर्णांक सात दशांश अंश.

"किती फेरे?"

"दहा हजार."

"मिनिटाला दहा हजार? माझा लेथ दोन हजारालाच थरथरतो!"

"मिनिटाला नाही, मामा. सेकंदाला."

मी स्टुलावर बसलोच.

आधी साध्या पावडरीवर चाचणी झाली. टोपण टिकलं. मी कौतुकाची वाट बघत होतो, पण पडद्यावर सुईसारखी यायला हवी ती रेघ बसकी, फुगलेली आली.

"टोपणात लोखंड आहे, त्यानं चुंबकाची ओढ बिघडते," मीनल म्हणाली.

"प्लास्टिक आहे गं ते!"

तिनं भिंगाखाली धरलं. खाचेत काळे कण. माझ्या लेथवर दिवसभर लोखंड कापलं जातं, त्याचाच भुगा. मापात केसाएवढाही फरक नव्हता, तरी काम नापास. तिचा खरा नमुनाच आधी भरला असता, तर?

भुगा विरघळावा म्हणून उरलेली चार टोपणं रात्रभर सौम्य ॲसिडमध्ये ठेवली. सकाळी त्यातलं एक लावून खरा नमुना फिरवला. दुपारपर्यंत रेघा उगवल्या, बारीक, टोकदार. मीनलनं माझा दंड घट्ट धरला. "आडवे की उभे, ते मोजायला अजून आठवडे जातील. पण नमुना वाचला, मामा."

घरी आल्यावर आधी लेथवरून बोट फिरवलं. बोट करडं झालं. इतकी वर्षं मी याला स्वच्छ म्हणत होतो.

ती चार टोपणं भाचीला भेट देऊन आलो होतो. निघताना तिच्या सरांनी शंभर टोपणांची ऑर्डर देऊ केली होती. ॲसिडात धुऊन पास झालेलं काम मी माझं म्हणून विकत नाही, म्हणून नको म्हणालो. नगाला बाराशे, एकूण एक लाख वीस हजार सोडले.