डिकीतली मंडळी

साडू गेले तो बुधवार होता. सकाळी देवासहून अक्कांचा फोन आला. आम्ही धारहून निघालो. पोचलो तेव्हा त्यांची गाडी अंगणात होती आणि गाडीखाली दोन कुत्री बसली होती.

माझ्या साडूंइतका काळजीखोर माणूस सबंध माळव्यात दुसरा झाला नसेल. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणत असे आणि त्यांना ती पदवीच वाटे. अक्का म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. त्या म्हणत, "यांनी काळजी करायची सोडली तर मला काळजी लागेल." गॅस बंद आहे ना, हे बघायला साडू अर्ध्या रस्त्यातून परत येत. पण ही सगळी किरकोळ काळजी. घाऊक काळजी होती ती कुत्र्यांची. इमरती ही काळी, म्हातारी, गोल लॅब्राडोर. सुभेदार हा रस्त्यावरून उचलून आणलेला, नावाला अजिबात न शोभणारा, फटाका तर सोडाच, कुणी शिंकलं तरी पलंगाखाली जाणारा.

एकदा धामनोदकडे घाट उतरताना पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला आणि मागच्या सीटवरची इमरती घरंगळत गिअरवर येऊन आदळली. तिला खरचटलंसुद्धा नाही. साडूंना मात्र कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही. त्यांनी ती गाडी विकली आणि मागे खोलीएवढी डिकी असलेली एक जुनी इस्टेट गाडी कुठून तरी शोधून आणली. मग त्या डिकीत काय काय बसवायचं याचा शोध सुरू झाला, तो अखेरपर्यंत चालला. इंदूरच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात ते मलाही घेऊन गेले होते. दुकानदारानं मागची सीट आणि डिकी यांच्यामध्ये लावायची जाळी दाखवली. साडूंनी बूट काढले, डिकीत चढले आणि गुडघ्यांवर बसून जाळीला आतून नाक लावलं. मला ते मास्तर म्हणत. "या भोकातून पंजा जातो, मास्तर. पंजा अडकला आणि गाडी वळली तर?" भोवती माणसं जमली. दुकानदार अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "अंकलजी, बाहर आ जाओ, ग्राहक देख रहे हैं." साडू आतूनच म्हणाले, "भिया, ग्राहक तो अंदर बैठा है. बाहर वाला तो सिर्फ पैसे देगा."

रबरी चटईचा वास कुत्र्यांना चालेल का, हे पाहायला ते तिच्यावर दुपारभर झोपले. खिडकीचा पडदा तीन वेळा बदलला, कारण सुभेदारला बाहेरचं दिसलं तर भीती वाटे आणि नाही दिसलं तर जास्त भीती वाटे. इमरतीच्या गुडघ्यांसाठी चढायची फळी आणली. तिच्यावरून स्वतः चार पायांनी चढून पाहिलं. शेवटी सगळं बसवल्यावर परीक्षा म्हणून अक्कांना गाडी चालवायला लावली आणि हे जाळीमागे, पट्टा बांधून, मांडी घालून. टोलनाक्यावरच्या माणसानं आत वाकून विचारलं, "मैडम, पीछे अंकल को क्या हुआ?" अक्का समोर बघत म्हणाल्या, "कुछ नहीं. ट्रायल पर हैं."

बाहेरगावी निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची आमच्याकडे रीत आहे. साडू तीही डिकीतच पाळत. आधी स्वतः आत चढून बसत, अक्का त्यांच्या तळहातावर दही घालत, आणि ते चाटायला दोन्ही कुत्री आत येत. मग साडू हळूच उतरून जाळी लावत. त्याशिवाय ती मंडळी गाडीत पाऊल ठेवत नसत.

तेरावा झाला. अक्कांना त्यांची मुलगी पुण्याला नेणार होती. तिच्या इमारतीत कुत्री चालत नव्हती. ती आमच्याकडे धारला आली नाहीत, तर कन्नौदच्या एका ओळखीच्यांच्या शेतावर राखणीला जायची होती. सुभेदार आणि राखण! मला रात्रभर तेच दिसत राहिलं.

कुत्र्यांना साडूंच्याच गाडीतून धारला घेऊन निघायच्या सकाळी मी फळी लावली, पडदा सारखा केला, बिस्किटं दाखवली, हाका मारल्या. इमरतीनं मान वळवली. सुभेदार गाडीखालून हललाच नाही. ऊन चढायला लागलं. काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण त्या घरात नवरा गेलेल्या बाईनं निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं नसतं, आणि अक्का जुन्या वळणाच्या. ते मी त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं मागणार? शेवटी मी बूट काढले आणि डिकीत जाऊन नुसताच बसलो.

बऱ्याच वेळानं अक्का दारात आल्या. हातात वाटी होती. उंबऱ्याशीच थांबल्या.

"भावोजी, माझ्या हातचं चालेल?"

"अक्का, या मंडळींना पंचांग वाचता येत नाही."

त्या आल्या. माझ्या तळहातावर चमचाभर दही घालताना म्हणाल्या, "चटईवर सांडू नका हं. वास राहतो म्हणून ओरडतात ते."

मी हात पुढे करून बसून राहिलो. आधी फळीवर इमरतीची नखं वाजली. मग गाडीखालून एक नाक बाहेर आलं, थांबलं, आणि सुभेदार एकदम आत. मी हळूच उतरलो. अक्कांनी पदराला हात पुसले आणि जाळी लावली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

धारपर्यंत मी इतकी सावकाश गाडी चालवली की ट्रॅक्टर मला ओलांडून गेले.

अक्का आता पुण्याला असतात. गाडी आमच्या दारात असते. चटई आहे, जाळी आहे, पडदा आहे, कुत्री दोन्ही आहेत. कुठे निघायचं असलं की मी आधी डिकीत जाऊन बसतो आणि ही माझ्या हातावर दही घालते.