सहा राष्ट्रं आणि एक रिकामा डबा

मी भांडकुदळ नाही, पण हरायला मला आवडत नाही. माझ्या नवऱ्याच्या मते हे दोन्ही एकच. म्हणू दे बापडा. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मात्र मी एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढत होते, हे त्यालाही कबूल करावं लागलं. एक आघाडी लंडनच्या हॅरोमधल्या एका शाळेत, तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या वर्गात. दुसरी आमच्या शेजारच्या दारात.

शाळेचं आधी सांगते. नागपुरात मी चौदा वर्षं इतिहास शिकवला होता. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी इकडे आलो आणि माझी ती चौदा वर्षं इथल्या लोकांच्या लेखी शून्य झाली. दोन वर्षं मी एका शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये उभी राहून 'रांगेत या, ढकलू नका' एवढंच बोलत होते. शेवटी एक्केचाळिसाव्या वर्षी कंबर कसली आणि टीचर ट्रेनिंगला नाव घातलं. आता वर्ष संपत आलं होतं. माझ्यावर नेमलेली मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक बाई, मागे बसून माझा तास बघणार आणि ठरवणार, मी शिक्षिका की नाही. नापास झाले तर परत डायनिंग हॉल.

आणि पहिल्या खेपेला मी नापासच झाले. विषय कोणता, तर पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपातल्या युत्या. माझा हातखंडा विषय हो! नागपुरात हा धडा मी झोपेतही शिकवला असता. मी झोकात सगळे तह फळ्यावर मांडले. इकडे जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली. तिकडे फ्रान्स, रशिया, ब्रिटन. कोणी कोणाला काय वचन दिलं, कोणी कोणापासून काय लपवलं, सगळे बाण काढून दाखवले. मागच्या बाकावरचं एक पोरगं चक्क घोरायला लागलं.

मेंटॉर वेल्श होती. शांत बाई, पण बोलली की नेमकं वर्मावर बोट. "तुला सगळं येतं," ती म्हणाली. "पण या देशांना एकमेकांचं एवढं का पडलं होतं, हे काही त्यांना कळलं नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा बघते. मग मला तुझा पास-नापासाचा कागद भरावाच लागेल." मी मान डोलावली आणि बसमध्ये बसल्यावर रडून घेतलं.

आता शेजार. आमच्या शेजारी नैरोबीहून आलेल्या गुजराती बेन राहायच्या. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना बेन म्हणायची, त्या मला टीचरबेन. त्यांची गुजराती, माझी मराठी आणि मध्ये दोघींची मोडकी हिंदी. आम्ही या घरात राहायला आलो त्या जानेवारीत बॉयलर बंद पडला होता. घरात कुडकुडत बसलो होतो, तर बेन गरम पाण्याची पिशवी आणि थेपल्यांचा डबा घेऊन दारात हजर. त्या दिवसापासून या अख्ख्या गल्लीत माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे बेन.

पण थेपल्यांचा डबा रिकामा कसा परत द्यायचा? मी चिवडा भरून दिला. त्यांनी हांडवो पाठवला, डाळ-तांदळाचा खमंग जाड ठोकळा. मी सांबारवडी पाठवली. आम्ही वैदर्भीय कोथिंबिरीला सांबार म्हणतो. मूठभर वडीत टोपलीभर सांबार कोंबून तळायचा, असला हा उद्योग. त्यावर बेनकडून घूघरे, म्हणजे आपल्या करंज्या आल्या, तेही डबा बदलून, मोठ्या डब्यात. मग मी पुरणपोळ्यांना हात घातला. त्यांनी पिनरहून नणंद बोलावून घेतली, मोहनथाळात तिचा हात कोणी धरत नाही म्हणे. मी काय कमी होते? क्रॉयडनच्या मैत्रिणीला फोन करून तिचे अनारसे मागवून घेतले. दीड वर्षात छोट्या डब्याचा तीन पुडांचा डबा झाला होता. माझी कंबर दुखत होती, बेनचे गुडघे दुखत होते आणि आम्ही दोघी कुंपणावरून गोड हसत होतो.

तर तो रविवार. मंगळवारचा तास डोक्यावर, एक अक्षर तयार नाही आणि मी भर दुपारी सांबारवड्या तळतेय. खिडकीतून बघते तर बेनच्या किचनमध्येही कढईवरून धूर निघतोय. नवरा आत डोकावला. "अगं, परवा तुझी परीक्षा आहे ना? थांबत का नाही तुम्ही दोघी?"

"त्या थांबल्या तर मी थांबेन ना!" मी झारा हातात धरून ओरडले.

ओरडले आणि तशीच उभी राहिले. अगं बाई! हेच तर ब्रिटन आणि जर्मनी म्हणत होते. तू एक युद्धनौका बांधलीस, मग मी दोन. तू नणंद बोलावलीस, मग मी मैत्रीण. वडी करपली, पण तास सापडला.

मंगळवारी घरातले सहा स्टीलचे डबे पिशवीत घालून शाळेत गेले. सहा टेबलं, सहा देश. ते फुटबॉल वर्ल्ड कपचे दिवस होते, गाड्यागाड्यांवर इंग्लंडचे झेंडे फडफडत होते, त्यामुळे जर्मनी व्हायला कोणी तयार होईना. शेवटी दोन पोरींनी उपकार केल्यासारखं ते टेबल घेतलं. नियम एकच. गणिताच्या बाईंकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या डब्यात भरून हव्या त्या टेबलाला पाठवायच्या. डबा रिकामा परत करायचा नाही, आणि आल्यापेक्षा एक चकती तरी जास्त घालूनच परत करायचा. तळाशी हवं तर गुप्त वचनाची चिठ्ठी.

"मिस, हा तर आमच्या घरचाच रूल आहे!" वर्गातले निम्मे ओरडले. गुजराती, तमिळ, पंजाबी, सगळी पोरं. पाच मिनिटांत डबे असे फिरायला लागले की विचारू नका. चकत्या संपल्या तेव्हा पेन्सिली भरल्या, खोडरबर भरले. झोपाळू पोरगं फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री होऊन रशियाच्या कानात काहीतरी कुजबुजत होतं. मग मी एक स्टूल मध्ये ठेवलं. हा सर्बिया. ऑस्ट्रियाचं त्याच्याशी भांडण झालंय, आता डबे उघडा आणि ज्याला वचन दिलंय त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. एकच धावपळ! इटलीचं टेबल तेवढं बसून राहिलं. "आम्ही नाही येत, मिस, कंटाळा आलाय." सुरुवातीला इटलीने खरोखरच अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे मी त्यांना शाबासकी दिली. ती का मिळाली ते त्यांना कळलंच नाही.

मी मनातून जिंकलेच होते. तेवढ्यात ब्रिटनच्या टेबलावरच्या लाल केसांच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरी असला काही नियम नव्हता. "मिस, कोणीतरी डबा रिकामा परत द्यायचा ना. सरळ."

वर्ग हादरला. "रूड!" "माझी आजी मला मारेल!"

"हो, पण फक्त रूड," ती म्हणाली. "कोणी मेलं तर नसतं."

चौदा वर्षं मी हा धडा शिकवला, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. नेमकी तेव्हाच घंटा झाली.

"तास फार छान," मेंटॉर म्हणाली. मी हुश्श करणार, एवढ्यात पुढचं वाक्य आलं. "पण त्या मुलीला उत्तर मिळालं नाही. शुक्रवारी दे. मग कागद भरते."

दोन दिवसांत उत्तर कुठून आणू? पुस्तकं उलथीपालथी केली. युत्या, आरमारं, राजांचे रुसवे, सगळं होतं, एवढंच नव्हतं. ओट्यावर रविवारी आलेला बेनचा तीन पुडांचा डबा माझ्याकडे बघत होता, त्यातला मोहनथाळ आम्ही सोमवारीच संपवला होता. बुधवारी संध्याकाळी मी तो घासला, पुसला आणि तसाच रिकामा उचलला.

आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत जेमतेम वीस पावलं. देवाशप्पथ सांगते, ती संपता संपेनात. त्यांना वाटेल मला त्यांचा कंटाळा आला. त्यांना वाटेल शिकलेली बाई माज करते. दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा बेल दाबली. बेननी डबा हातात घेतला आणि वजनावरूनच ओळखलं. माझ्याकडे बघितलं.

"तबियत ठीक?"

"ठीक आहे, बेन."

"अच्छा," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी कुंपणापाशी कोणी आलं नाही. मी कपडे वाळत घालताना मुद्दाम खोकले, तरी नाही. जीव नुसता थोडाथोडा झाला. एका पोरीच्या प्रश्नापायी मी आपलं एकुलतं एक माणूस घालवून बसले, असं वाटून स्वतःचाच संताप आला.

शुक्रवारी वर्गात उभी राहिले तेव्हा उत्तर नव्हतंच. मेंटॉर मागे वही उघडून बसलेली. मी ठरवलं, खरं तेच सांगायचं. थेपल्यांपासून बंद दारापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मग पुढे काय झालं?" लाल केसांच्या मुलीने विचारलं.

"माहीत नाही. त्या अजून बोललेल्या नाहीत."

"तुम्हाला भीती वाटली?"

"खूप."

"डब्याची?" सगळे हसले, मीही हसले.

"डब्याची नाही गं. त्या काय समजतील त्याची."

पेन चावत ती म्हणाली, "म्हणजे त्या सहा जणांनाही तीच वाटत होती. प्रत्येकाला."

मागे मेंटॉरने वही मिटली. बाहेर पडताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की कागद तिने भरला आहे, सप्टेंबरपासूनची नोकरी शोधायला लाग. पाच मिनिटं मी टॉयलेटमध्ये जाऊन नाचले. मग आठवलं की ही बातमी ज्यांना पहिल्यांदा सांगायची, त्यांचं दार बंद आहे.

घरी आले तर पायरीवर माझा डबा. झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेला, रविवारी सांबारवड्या घालून पाठवलेला. आता यात काय भरलंय देव जाणे. उचलला, तर हलका. झाकण काढलं. आत काही नाही. घासलेला, पुसलेला, लख्ख रिकामा.

मी तशीच धावत गेले, चपलासुद्धा धड घातल्या नाहीत. बेननी दार उघडलं. डोळे भरलेले आणि ओठ हसू दाबतायत.

"दो दिन लगे, टीचरबेन," त्या म्हणाल्या. "हाथ अपने आप कुछ भरने जाता था."

आम्ही दोघी पायरीवर बसून हसलो, थोड्या रडलोही. मग त्यांनी सांगून टाकलं, त्यांच्या मिस्टरांना डायबिटीस, माझ्या पुरणपोळ्या वर्षभर नणंदेकडे पिनरला जात होत्या. मी पण सांगितलं, अनारसे माझे नव्हतेच. त्यांनी आत नेऊन चहा टाकला आणि दुकानातला बिस्किटांचा पुडा फोडून, बशीतही न काढता, तसाच आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला.